कोंकराचें पोट भरतें, अंग भरत नाहीं

ज्या घरीं दोन बैल, एक म्हैस आणि दहा-पांच मेंढ्या आहेत, त्या घरीं संध्याकाळीं आंबोणाची वांटणी कशी होते हें वाचकांनीं एकदां स्वस्थपणें उभें राहून पाहावें. पेंडीचा पहिला वांटा म्हशीला जातो, कारण ती दुसरे दिवशीं सकाळींच त्याचा मोबदला चरवींत ओतते. दुसरा वांटा बैलांना. ते घरचे कर्ते. मेंढीला पेंडीच्या घमेल्याचें धुवण मिळालें तर मिळतें. आणि तिच्या कोंकराला? बैलांनीं गव्हाणींत टाकलेले कडब्याचे बुडखे त्याच्यासाठीं राखून ठेवलेले असतात. वास्तविक खाल्लेल्या दर किलो चाऱ्यामागें पेंडीची खरी गरज या सर्वांत कोणाला अधिक असेल तर ती त्या कोंकरालाच. कामाच्या बैलाला मुख्यतः शक्ति पाहिजे. त्याचें अंग घडून गेलेलें आहे. कोंकराचें अंग अद्यापि घडावयाचें आहे, आणि तें ज्या मालानें घडावयाचें तो माल आपण त्याला देत नाहीं. त्याचें पोट मात्र भरतों, आणि पोट भरलें म्हणजे आपलें कर्तव्य झालें असें समजतों.

हा प्रश्न दख्खनच्या पठारावर विशेष बिकट कां होतो, याचें कारण पंचांगांत आहे. पावसाळ्याच्या आरंभीं नवें गवत फुटलें कीं दख्खनी मेंढी माजावर येते. मेंढीचा गर्भकाळ १४७ ते १५० दिवसांचा. तेव्हां ज्येष्ठ-आषाढांत फळलेली मेंढी कार्तिक-मार्गशीर्षांत विते. वेळ उत्तम, माळावर अजून थोडा रस असतो, खरीप निघालेल्या रानांत पाला-शेंगा पडलेल्या असतात, मेंढीला दूध उतरतें. हें दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत सर्वांत अधिक असतें, नंतर उतरूं लागतें, आणि तीन महिन्यांच्या सुमारास मेंढी कोंकराला पाय झाडून दूर लोटते. म्हणजे दूध तुटतें तें माघ-फाल्गुनांत. त्या वेळीं माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूचें माळरान ज्यानें पाहिलें आहे त्याला त्याचें वर्णन सांगावयास नको. गवत उभें असलें तरी तें उभें वाळलेलें काड असतें. त्यांत शेंकडा तीन-चार भागांपलीकडे प्रथिन नसतें. ज्वारीच्या कडब्याचीही तीच स्थिति.

आतां मेंढीच्या दुधाकडे पाहा. त्यांतील पाणी वजा केलें तर उरलेल्या घन भागांत पाव हिश्श्याहून अधिक प्रथिन असतें. कोंकरूं या खाण्यावरून महिन्याभरांत त्या खाण्यावर जातें. पाव हिश्श्यावरून पंचविसाव्या हिश्श्यावर. एखाद्या कारकुनाचा पगार एका महिन्यांत असा सहावा हिस्सा केला तर तो मामलेदाराच्या दारांत बसेल. कोंकरूं बोलत नाहीं. तें फक्त वाढावयाचें थांबतें, लोंकर राठ व निस्तेज होते, पोट खालीं लोंबूं लागतें, आणि आपण म्हणतों, "दूध तुटल्यावर कोंकरूं थोडें बसतेंच." तें बसत नाहीं, आपण त्याला बसवितों.

जुने लोक चाऱ्यांतील द्रव्यांचे मांसवर्धक व उष्णताजनक असे दोन भाग करीत. हल्लीं पहिल्यास प्रथिन म्हणतात व दुसऱ्यापासून जें मिळतें त्यास ऊर्जा. नांवें बदललीं तरी गोष्ट तीच आहे. घर बांधावयाचें तर विटा पाहिजेत आणि गवंड्याची मजुरीही पाहिजे. प्रथिन म्हणजे विटा. मांस, कातडें, खूर, लोंकर हीं सर्व त्याचींच घडतात. दाणा, चारा, गूळ, तेल यांपासून मिळणारी शक्ति म्हणजे मजुरी. तिच्यावर श्वास चालतो, अंग ऊन राहतें, दिवसभर माळावर पायपीट होते, आणि उरली तर विटेवर वीट चढते. मजुरी भरपूर व विटा नाहींत अशा घराचें काम जसें उभें राहतें, तसें नुसत्या दाण्यावरच्या कोंकराचें होतें. उलटपक्षीं विटांचा ढीग पडला पण मजुरीस पैसा नाहीं, तर शरीर एक विलक्षण गोष्ट करतें. तें विटाच जाळूं लागतें. शक्ति कमी पडली कीं प्रथिन मोडून त्यापासून ऊब काढली जाते. सागाचे वासे चुलींत घालण्यासारखेंच तें आहे. यास्तव हे दोन हिशेब वेगळे मांडावयाचे खरे, पण एकाच पानावर.

"मेंढी तर रवंथ करणारें जनावर, ती काडांतूनही प्रथिन करते," असें कांहीं शिकलेले बंधु म्हणतात. हें म्हणणें मोठ्या मेंढीपुरतें बरेंचसें खरें आहे. तिच्या पहिल्या मोठ्या पोटांत, ज्यास कोटीपोट म्हणतात, कोट्यवधि सूक्ष्म जीव असतात. ते चाऱ्यांतील साध्या नत्रापासून आपलीं शरीरें बनवितात व पुढें तेच पचून मेंढीला प्रथिन देतात. परंतु जन्मतः कोंकराचें कोटीपोट नांवापुरतेंच असतें. दूध त्याला वगळून घशाखालच्या पन्हळींतून थेट चौथ्या पोटांत जातें. कोंकरूं जसजसें घन खाणें तोंडांत घेतें तसतसें कोटीपोट वाढतें, आणि सहा ते आठ आठवड्यांनीं कामास लागतें. तेव्हांही त्या सूक्ष्म जीवांचें उत्पन्न झपाट्यानें वाढणाऱ्या अंगास पुरें पडत नाहीं. शिवाय त्यांनाही नत्र व शक्ति दोन्हीं लागतातच, आणि फाल्गुनांतल्या काडांत दोहोंचा दुष्काळ असतो. बापाचा धंदा चांगला चालला म्हणून सहा महिन्यांच्या पोराला दुकानावर बसवितां येत नाहीं.

किती द्यावें, याचे आंकडे शास्त्रज्ञांनीं बसविलेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत लवकर दूध तोडलेल्या मध्यम वाढीच्या कोंकरांची गरज दिलेली आहे. दहा किलो वजनाचें व रोज २०० ग्रॅम वाढणारें कोंकरूं अर्धा किलो सुकें खाणें खातें. त्यांत त्यास १२७ ग्रॅम प्रथिन व ४०० ग्रॅम एकंदर पचनीय द्रव्यें लागतात. हीं पचनीय द्रव्यें म्हणजे शक्तीचें माप समजावें. तीस किलोचें व रोज ३०० ग्रॅम वाढणारें कोंकरूं १३०० ग्रॅम खातें, आणि त्यास प्रथिन १९१ ग्रॅम व पचनीय द्रव्यें एक किलो लागतात. या दोन ओळी शेजारीं ठेवून पाहाव्या. कोंकरूं तिप्पट झालें. शक्तीची गरज अडीचपट झाली. प्रथिनाची गरज मात्र दीडपटच झाली. दहा किलोच्या कोंकराच्या खाण्यांत चौथा हिस्सा प्रथिन पाहिजे, तीस किलोच्याला सातवा हिस्सा पुरतो. आम्हांस या सर्व शास्त्रांत हीच एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, आणि आपण नेमके हिच्या उलट वागतों. कोंकरूं लहान असतां त्यास काडी घालतों, आणि मोठें होऊन विकावयाचे दिवस आले कीं पेंडीचा हात सैल करतों.

हे आंकडे तिकडच्या थोराड जातींचे आहेत, दख्खनी कोंकरांचे नव्हेत. आपली पूर्ण वाढलेली मेंढीच तीस किलोच्या आसपास भरते. तिच्या कोंकराकडून रोज दोनशे-तीनशे ग्रॅमची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनेंही २०१३ सालीं मेंढ्या-शेळ्यांच्या गरजांचें पुस्तक काढलेलें आहे व आपल्याकडे तेंच मार्गदर्शक मानावें. परंतु प्रमाणाचा नियम दोन्हीकडे एकच.

आपल्या कोंकराचा हिशेब असा मांडून पाहा. बारा किलोचें कोंकरूं, नुकतेंच दूध तुटलेलें. तें दिवसाला सुमारें अर्धा किलो सुकें खाणें खाईल. रोज शंभर ग्रॅम वाढावें अशी इच्छा असेल तर त्या खाण्यांत शेंकडा चौदा, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिन पाहिजे. सर्व अर्धा किलो कडबा व काडच असेल तर मिळतें वीस ग्रॅम. शेतकऱ्यास दया येते व तो दोनशे ग्रॅम मका किंवा ज्वारी घालतो. मक्यांत प्रथिन शेंकडा नऊच्या सुमारास. तेव्हां दाण्यांतून अठरा व उरलेल्या तीनशे ग्रॅम कडब्यांतून बारा, मिळून तीस ग्रॅम. दाणा खर्च झाला आणि अर्धी गरजही भागली नाहीं. आतां त्याच दोनशे ग्रॅमांपैकीं शंभर ग्रॅम मका व शंभर ग्रॅम भुईमुगाची पेंड करा. चांगल्या पेंडींत शेंकडा चाळीसच्या वर प्रथिन असतें, बेचाळीस धरूं. बेचाळीस, नऊ आणि बारा मिळून त्रेसष्ट झाले. बांधावरची शेवरी दोन मुठी ओरबाडून टाकली कीं सत्तर पुरे. खाणें तितकेंच, गव्हाण तीच, आणि कोंकरास मिळालेलें प्रथिन दुपटीहून अधिक. शक्तीही कमी झाली नाहीं, कारण पेंड ही केवळ प्रथिन नव्हे. तींत पचनीय द्रव्यें मक्याच्या जवळपास असतात.

दाण्याच्या मोहासंबंधानें येथें आमचीच एक चूक सांगणें प्राप्त आहे. नोकरींतून मोकळे झाल्यावर पहिल्याच वर्षीं आम्हीं सात कोंकरें घरीं ठेवलीं व ईदच्या बाजारापर्यंत तीं गुबगुबीत करावीं असा बेत केला. ज्वारीची रास नुकतीच घरीं आली होती. माघाच्या एका सकाळीं आम्हीं गव्हाणींत ज्वारी ओतली, आणि तीं कशी खातात हें बघत कौतुकानें बसलों. संध्याकाळीं पुन्हां ओतली. दुसऱ्या दिवशीं दोन कोंकरें उठेनात. डावी कूस फुगलेली, दांत खात आहेत, पातळ आंबूस हगवण. पशुवैद्य येईपर्यंत एक गेलें व दुसरें रात्रीं गेलें. वैद्यांनीं समजावून सांगितलें तें असें: कोटीपोटाला ज्याची संवय नाहीं असा पिठूळ दाणा एकदम गेला कीं तेथें आम्ल तयार होतें व तें सर्व अंगांत भिनतें. उरलेल्या पांचांचा दाणा बंद करून गवतावर ठेवलें. तीं वांचलीं, परंतु पुढचा महिनाभर वाढलीं नाहींत. चांगल्या हेतूनें दिलेल्या दाण्याचा हा परिणाम. तेव्हांपासून दाणा पन्नास ग्रॅमपासून आरंभून पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावयाचा, आधीं वैरण व मग आंबोण घालावयाचें, आणि ज्वारी-मका अखंड रास न ओतता भरडून व मोजून द्यावयाची, हा आमच्या घरीं नियम आहे. दाणा वाढविण्यापूर्वीं आंत्रविषाराची लस टोंचून घ्यावी व पशुवैद्य सांगतील त्या दिवशीं दुसरी मात्राही द्यावी; खाणें सुधारलें कीं हा रोग चांगल्या, अंगानें भरलेल्या कोंकरांनाच आधीं धरतो.

दुसऱ्या टोंकाची चूकही आम्हीं पाहिली आहे. पेंडीचा महिमा ऐकून कोणी कोणी सहा-सात महिन्यांच्या नराला पेंडीनेंच पोट भरवितात. तोंपर्यंत त्याच्या वाढीचें स्वरूप पालटलेलें असतें. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट या जोडीनें दहा जनावरें कापून त्यांच्या सर्व अंगाचें रासायनिक पृथक्करण केलें व १८५९ सालीं प्रसिद्ध केलें; त्यांत एक कोंकरूं व निरनिराळ्या पुष्टीच्या चार मेंढ्या होत्या. जनावर जसजसें पुष्ट होतें तसतसें त्याच्या वाढलेल्या वजनांत मांसाचा भाग थोडा व चरबीचा फार असतो, हें त्यांनीं दाखविलें. कोंवळ्या कोंकराचें वाढलेलें एक किलो म्हणजे बहुतांशीं पाणी व प्रथिन. थोराडाचें एक किलो म्हणजे बरीचशी चरबी, आणि चरबी घडविण्यास शक्ति कितीतरी अधिक खर्ची पडते. म्हणून मोठ्या नराला दाणा लागतो व पेंड थोडी पुरते, आणि एक किलो वजनामागें त्याला खाणेंही अधिक लागतें. त्याला दिलेली जास्तीची पेंड मूत्रावाटे जाते. उकिरड्याला तिचा उपयोग होईल, पण त्याकरितां इतकी महाग पेंड घेण्याचें कारण नाहीं.

आमच्या पाहण्यांतलें मिश्रण असें. दूध पीत असतांना व तुटल्यावर पहिले महिना-दीड महिना, शंभर किलोंत मक्याचा भरडा ४०, भुईमूग पेंड ३०, गव्हाचा कोंडा १६, तुरीची चुनी १०, क्षारमिश्रण २, चुनखडीची भुकटी १ व मीठ १. यांत प्रथिन शेंकडा वीसच्या आसपास पडतें. रोज पाव किलो हें मिश्रण, दोन मुठी शेवरी व पुढें कडबा टाकला कीं वरचा सत्तर ग्रॅमचा हिशेब जमतो. पुढें, कोंकरूं अठरा-वीस किलोंच्या घरांत आलें कीं भरडा ५०, पेंड १५, कोंडा १९, चुनी १२ करावे, बाकीचीं द्रव्यें तशींच. म्हणजे प्रथिन शेंकडा पंधरा राहतें. दुधावरच्या कोंकराला दोन-तीन आठवड्यांचें झाल्यापासूनच हें चाखावयास द्यावें. त्यासाठीं वाघरीच्या एका कोपऱ्यांत बांबूंचें असें कुंपण करावें कीं ज्यांतून कोंकरूं शिरेल व मेंढी शिरणार नाहीं. आरंभीं तें नुसतें हुंगेल, चार दाणे चघळील. पण त्या चार दाण्यांनींच त्याचें कोटीपोट घडूं लागतें. जुळ्यांच्या बाबतींत तर हें टाळतांच येणार नाहीं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गॅरोल मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. असलीं मेंढरें जो घरीं आणतो त्यानें दुधाचा हिशेब आधीं करावा. एक किलो वाढीस सुमारें पांच किलो दूध लागतें; आंचळें दोनच, कोंकरेंही दोन, आणि दूध कांहीं दुप्पट होत नाहीं. दुसऱ्या कोंकराचें दूध गव्हाणींतून द्यावें लागतें, नाहींतर जुळें हें नांवाचेंच जुळें.

पेंड विकत घेण्याची ऐपत नसेल त्यानें बांधाकडे पाहावें. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या पाल्यांत सुक्या वजनावर शेंकडा वीस किंवा त्याहून अधिक प्रथिन असतें. लसूणघास पाण्याखालीं असेल तर तोही त्याच पंक्तीचा. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊं देऊं नये. तींत एक विषारी द्रव्य असतें व अतिरेक झाला कीं लोंकर गळते. भुईमुगाचा पाला वाळवून गंजी घातलेला असेल तर तो बैलांपुढें टाकण्यापूर्वीं कोंकरांची आठवण करावी. चैत्रांत बाभळीच्या शेंगा पडतात, त्याही गोळा कराव्या.

कांहीं गोष्टी करूं नयेत. बुरशी आलेली भुईमूग पेंड स्वस्त मिळते म्हणून घेऊं नये. त्या बुरशीचें विष यकृत नासवितें व लहान जनावर आधीं मरतें. सरकीची पेंड मोठ्या मेंढीस चालते, पण कोटीपोट न घडलेल्या कोंकरास नको. युरिया घालून प्रथिन स्वस्त करण्याची युक्ति कोंकरावर कधींही करूं नये. गाई-म्हशींचें क्षारमिश्रण मेंढरांना घालूं नये. त्यांतील तांबें मेंढीला सोसत नाहीं. आणि दाण्यावरच्या नराला चुनखडी व भरपूर पाणी न दिल्यास मुतखडा होतो, हें विकण्याच्या आदल्या आठवड्यांत कळून उपयोग नाहीं.

यावर नेहमींचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. "धनगर पिढ्यान् पिढ्या मेंढरें पाळतो, त्यानें कधीं पेंड घातली?" आक्षेपक म्हणतो तें खरें, धनगर पेंड घालीत नाहीं. परंतु तो काय करतो हेंही पाहावें. दिवाळी झाली कीं तो कळप घेऊन निघतो, कोणी कोंकणांत उतरतो, कोणी काळ्या रानाकडे जातो. हरभरा-तूर निघालेल्या शेतांत मेंढरें बसवितो, पडलेल्या घाट्या व शेंगा खाऊं घालतो, वाटेवरच्या झाडांचा पाला आंकडीनें ओढून देतो. म्हणजे तो कळप प्रथिनांकडे नेतो. आपण जमीनधारक लोक कोंकरूं दाव्याला बांधतों आणि प्रथिन त्याच्याकडे आणीत नाहीं. आणि वर धनगराचा दाखला देतों. त्याची पायपीट व आपली पेंड ह्या एकाच खर्चाच्या दोन रीति आहेत. आपण दोहोंपैकीं एकही करीत नाहीं.

अर्धलीनें दिलेल्या मेंढरांचें तर विचारूंच नये. मालक म्हणतो, सांभाळणारानें घालावें. सांभाळणारा म्हणतो, मालकानें पेंड पाठवावी. आमच्या मतें पेंड मालकानेंच पुरवावी व विक्रीच्या वेळीं तिचा खर्च वांटणीपूर्वीं वजा करावा. सांभाळणाराच्या हातीं रोख पैसा फाल्गुनांत नसतो, हें काय मालकाला माहीत नाहीं?

खर्चाचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या बाजारच्या भावानें करावा. दूध तुटल्यापासून नव्वद दिवस रोज शंभर ग्रॅम पेंड व शंभर ग्रॅम भरडा म्हणजे नऊ किलो पेंड व नऊ किलो भरडा. त्यांची किंमत एका बाजूस मांडावी. दुसऱ्या बाजूस जिवंत कोंकराचा किलोचा भाव. आमच्या बाजूच्या बाजारांत दोन-तीन किलो वजन अधिक वाढलें तरी हा खर्च भरून निघतो. त्यापुढचें सर्व नफ्यांत. हा नफा हातीं न पडण्याचें कारण वेगळेंच आहे, आणि तें म्हणजे आपण वजन करीत नाहीं. व्यापारी येतो, कोंकराच्या पाठीवर हात ठेवतो, कंबरेच्या हाडावरचें मांस बोटांनीं चाचपतो व आंकडा सांगतो. त्याच्या बोटांत कांटा आहे. आपल्याजवळ बोटेंही नाहींत आणि कांटाही नाहीं. ज्यानें पेंड घातली त्यालाही शेजाऱ्याइतकाच भाव मिळतो, आणि पुढच्या वर्षीं तो पेंड घालणें सोडतो. यांत त्याचा दोष नाहीं.

सरकारी गणनेंतही हेंच. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें २७ लाख मेंढरें मोजलीं. डोकीं मोजलीं, वजन मोजण्याचा रकाना गणनेंत नाहीं. आम्हीं आयुष्यभर कचेरींत असलेच रकाने भरले, त्यामुळें त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे; पण पंधरा किलोचें एक कोंकरूं व पंचवीस किलोचें एक कोंकरूं हीं त्या पत्रकांत सारखींच एक-एक दिसतात, आणि घरच्या वहींतही तशींच दिसूं लागलीं आहेत.

यास्तव आपल्या संस्थेपुढें आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक मोठ्या गांवीं संस्थेनें शंभर किलोपर्यंतचा एक टांगता कांटा व झोळी ठेवावी. सभासदांची मागणी कार्तिकांतच घेऊन पेंड एकत्र खरेदी करावी. माघांत भाव चढतो व त्या वेळीं एकट्यादुकट्याला ती पोत्यानें घेणें जड जातें. पेंड उघड्या पडवींत न सांठवितां फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. आणि सभासदांनीं आपापल्या कोंकरांच्या कानांत बिल्ला घालून तीन वजनें वहींत मांडावीं: जन्मलें त्या दिवशीं, दूध तुटलें त्या दिवशीं, आणि विकलें त्या दिवशीं सकाळीं, व्यापारी येण्याच्या आधीं.